पिवळा मोझॅक: पानाच्या पेशीत काय चालतं आणि वावरात आपण काय करायचं

सोयाबीनचं पान पिवळं पडलं की कास्तकार कृषी केंद्रात जातो आणि विचारतो, "कोणतं औषध मारू?" रोग विषाणूचा असेल तर या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायला कडू आहे. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. बुरशीसाठी बुरशीनाशक आहे, अळीसाठी कीटकनाशक आहे. विषाणू मात्र झाडाच्या पेशीतलीच यंत्रणा वापरून आपल्या प्रती काढतो, त्यामुळे त्याच्यावर बाहेरून घाव घालायचा म्हणजे पेशीवरच घाव घालणं.

तरीही सगळी झाडं मरत नाहीत. काही झाडं उशिरा लागण होऊनही शेंगा भरतात, काहींत लक्षणं दोनचार पानांपुरतीच राहतात. ही लढाई झाडाची पेशी स्वतः लढत असते. तिची एक पद्धत म्हणजे निवडक ऑटोफॅजी: पेशीतला नको असलेला माल हेरायचा, पिशवीत भरायचा आणि पचवून टाकायचा. ही पद्धत नीट कळली की फवारणी कधी करायची, कशासाठी करायची आणि कोणत्या बाटलीवर पैसे घालायचे नाहीत, हे ठरवणं सोपं जातं. म्हणून हा लेख वावरापासून सुरू होऊन पेशीत जाईल आणि परत वावरात येईल. मुख्य उदाहरण सोयाबीनचं घेतलं आहे, कारण विदर्भात पिवळा मोझॅक या विषाणूच्या रोगाचा फटका त्यालाच मोठा बसतो. मिरची, तूर आणि संत्र्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिली पायरी: हा विषाणूच आहे का, ते आधी ठरवा

या पायरीवर घाई करू नका. पिवळं दिसणारं प्रत्येक सोयाबीन मोझॅकचं नसतं. 2023 च्या खरिपात विदर्भात पिवळा मोझॅक मोठ्या प्रमाणावर आला, पण त्याच वेळी मूळकूज आणि खोडकूजही होती. दोन्ही रोग वरून "पिवळं पडून वाळलं" असेच दिसत होते.

हा विषाणू पांढरी माशी पसरवते, म्हणून आधी तिलाच शोधायचं. सकाळी ऊन तापायच्या आत वावरात जा. ऊन चढलं की पांढरी माशी चपळ होते आणि पान हलवायच्या आत उडून जाते. धुऱ्याजवळची काही झाडं आणि मधल्या तासांतली काही झाडं निवडा. वरच्या तिसऱ्या-चौथ्या पानाचा देठ दोन बोटांत धरा, पान न झटकता हळूच उलटं करा. मागच्या बाजूला तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक, पिठूळ पांढरे पंख असलेली माशी बसलेली दिसेल. तिच्या शेजारी फिकट पिवळे, चपटे, पानाला चिकटलेले खवले दिसले तर ती तिची पिल्लं आहेत. ती जागची हलत नाहीत, पण रस शोषत असतात. साधं भिंग सोबत असलं तर शंका राहत नाही.

मग तेच पान सूर्याकडे धरून आरपार पाहा. मोझॅकमध्ये पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांच्या कडा पुसट असतात, पिवळेपणा मुख्य शिरांच्या लगतही पसरतो आणि शेंड्याच्या नव्या पानांवर तो जास्त ठळक दिसतो. लोहाच्या कमतरतेत उलटं असतं: शिरा हिरव्यागार राहतात आणि मधला भाग एकसारखा पिवळा होतो. ती कमतरता बहुतेक वेळा चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या पट्ट्यात सलग दिसते. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी फिकी पडतात.

पान पिवळं आहे पण चट्टे नाहीत, असं असेल तर झाड उपटा. मुळाची साल हाताने सुटून येत असेल तर मूळकूज आहे. खोड उभं चिरा. आत लालसर नागमोडी पोकळी असेल तर खोडमाशी. फांदीवर किंवा देठावर दोन गोल खाचा आणि त्यांच्या वरचा भाग सुकलेला असेल तर चक्रीभुंगा. यांचे उपाय वेगळे आहेत आणि हा लेख त्यांच्या कामाचा नाही.

वावरातली मांडणीही बोलते. मोझॅक आधी इकडे एक, तिकडे एक अशा सुट्या झाडांवर येतो आणि नंतर त्या झाडांभोवती वाढत जातो.

दुसरी पायरी: पेशीच्या आत काय घडतं, ते समजून घ्या

पांढरी माशी सोंड पानात खुपसते आणि झाडाचा अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत नेते. तिच्या लाळेतून विषाणू तिथे उतरतो. सोयाबीन, मूग, उडीद यांचा पिवळा मोझॅक, भेंडीचा हळद्या, मिरची-टोमॅटोचा पर्णगुच्छ हे सगळे एकाच घराण्यातल्या विषाणूंचे रोग आहेत. या विषाणूंचे कण जोडकण असतात, म्हणजे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले. आत एकपदरी, गोल डीएनए असतो, सुमारे 2,700 अक्षरांचा. सोयाबीनच्या मोझॅकच्या विषाणूला असे दोन तुकडे लागतात. इतक्या छोट्या मजकुरात स्वतःची यंत्रणा बसत नाही, म्हणून तो पेशीच्या केंद्रकात शिरून झाडाची यंत्रणा राबवतो.

आता पेशीची बाजू. ऑटोफॅजी ही मुळात विषाणूसाठी तयार झालेली व्यवस्था नाही. ती पेशीची रोजची साफसफाई आहे. खराब प्रथिनं, मोडकी हरितलवकं, उपासमारीत कमी गरजेचा माल पचवून त्यातून पुन्हा कच्चा माल मिळवणं हे तिचं काम. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये ही यंत्रणा चालवणारी जनुकं शोधली आणि त्यासाठी त्यांना 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. यीस्टमधली ती जनुकं थोड्याफार फरकाने वनस्पतींमध्येही आहेत. त्यांची नावं एटीजी या अक्षरांनी सुरू होतात.

काम असं चालतं. पेशीत एक दुपदरी पडदा वाटीसारखा वाढू लागतो. एटीजी-7, एटीजी-3, एटीजी-5 अशी प्रथिनं मिळून एटीजी-8 नावाचं छोटं प्रथिन त्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूला जोडतात. एटीजी-8 जागोजागी जडलं की वाटी मिटत जाते आणि पिशवी तयार होते. ही पिशवी पेशीच्या मध्यातल्या मोठ्या रसधानीला, म्हणजे रसाने भरलेल्या पोकळीला, जाऊन भिडते. बाहेरचा पदर रसधानीच्या पडद्यात मिसळतो, आतली पिशवी रसधानीत पडते आणि तिथले विकर, म्हणजे पचवणारी प्रथिनं, तिला मालासकट पचवतात. झाडाच्या वाढलेल्या पेशीत रसधानीने बहुतेक जागा व्यापलेली असते, त्यामुळे पचवायला जागेची अडचण नसते.

पण पिशवीत काय भरायचं हे कोण ठरवतं? इथेच "निवडक" हा शब्द लागू होतो. निवड करणाऱ्या प्रथिनांना ग्राही म्हणतात आणि वनस्पतींमध्ये त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं नाव एनबीआर-1. बाजार समितीतला हमाल एका हाताने पोतं धरतो आणि दुसऱ्या हाताने गाडीचा फळा, तसं एनबीआर-1 एका टोकाने माल पकडतं आणि दुसऱ्या टोकाने पिशवीवरच्या एटीजी-8 ला. टाकाऊ प्रथिनांवर पेशीने युबिक्विटिन नावाची खूण लावलेली असते, ती एनबीआर-1 ओळखतं. काही विषाणूंचं प्रथिन तर ते थेट धरतं. 2017 मध्ये फुलकोबीच्या मोझॅक विषाणूवर झालेल्या अभ्यासात दिसलं की एनबीआर-1 या विषाणूचं कवच-प्रथिन आणि जुळून तयार झालेले कणसुद्धा पकडून पचनाला पाठवतं.

कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांनी त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास लक्षात ठेवावा. कापसाचा पर्णगुच्छ, ज्याने पंजाब, हरियाणा, राजस्थानात आणि सीमेपलीकडे पऱ्हाटीचं मोठं नुकसान केलं, तो विषाणू सोबत एक उपग्रह-डीएनए, म्हणजे त्याच्याच आधाराने जगणारा छोटा जास्तीचा डीएनए, घेऊन फिरतो. त्या उपग्रहाचं बीटा-सी-1 हे प्रथिन रोगाची लक्षणं घडवतं आणि झाडाचा बचाव दाबतं. तंबाखूच्या एका रानटी भावंडावर प्रयोग झाले, तेव्हा एटीजी-8 हे बीटा-सी-1 ला थेट पकडून पचनाला नेतं असं दिसलं. शास्त्रज्ञांनी बीटा-सी-1 मधलं 32 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललं आणि ती पकड सुटली. पकड सुटलेल्या विषाणूने झाडाला जास्त जोरात आजारी पाडलं. एटीजी-5 किंवा एटीजी-7 बंद केलेल्या झाडांत विषाणू वाढला. उलट ऑटोफॅजीला लगाम घालणारं एक प्रथिन कमी केलं तर झाडाने विषाणूला चांगलं रोखलं. एका अमिनो आम्लाच्या फरकाने झाडाची पकड सुटते, हे वाचून मी आजही थांबतो.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. फुलकोबीचा विषाणू आपल्या कणांभोवती प्रथिनाचे गठ्ठे रचतो आणि त्यांच्या आत कण सुरक्षित ठेवतो. सलगमचा मोझॅक विषाणू एनबीआर-1 ची वाट अडवणारी दोन प्रथिनं वापरतो. बार्लीच्या पट्टेदार मोझॅकचा विषाणू एटीजी-7 आणि एटीजी-8 यांची जोडणीच तोडतो. सगळ्यात चलाख पोलेरोविषाणू, म्हणजे झाडांवरच्या विषाणूंचा आणखी एक गट: बचावाच्या दुसऱ्या फळीतलं, विषाणूचा आरएनए कापणारं झाडाचं मोलाचं प्रथिन तो ऑटोफॅजीच्याच हवाली करून पचवायला लावतो. म्हणजे झाडाचं हत्यार झाडावरच उलटतं.

तिसरी पायरी: यातून वावरासाठी काय निघतं, ते ठरवा

पहिली गोष्ट, ही साफसफाई प्रमाणात चालते. पेशी मिनिटाला ठरावीक माल पचवू शकते. विषाणू थोडा आला तर त्याची प्रथिनं वेचली जातात. झाड लहान असताना शंभर माश्यांनी एकदम सोंडा खुपसल्या तर वेचणाऱ्यापेक्षा बनवणारा पुढे जातो. म्हणून पेरणीनंतरचा पहिला महिना-सव्वा महिना माशी झाडापर्यंत कमीत कमी पोचू देणं, याहून मोठी मदत झाडाला करता येत नाही. लागण पंधराव्या दिवशी झाली की साठाव्या दिवशी, यावर घरी येणारे पोते ठरतात.

दुसरी गोष्ट, एनबीआर-1 एकाच कामाला बांधलेलं नाही. ते नसलेली प्रयोगातली झाडं उष्णता आणि पाण्याचा ताण आला की इतरांपेक्षा लवकर कोसळतात, कारण तापाने बिघडलेली प्रथिनंही तेच वेचतं. यावरून मी असा अर्थ काढतो की ऑगस्टमधल्या उघाडीत पिकाला एक पाणी देता आलं, तर ते विषाणूच्या लढाईतही कामी येतं. हा माझा अंदाज आहे, पण पाणी देण्यात तोटा काहीच नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. उपासमारीत ऑटोफॅजी वाढते हे खरं आहे, म्हणून पिकाला खत कमी द्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रयोगशाळेतल्या रोपाला काही तास उपाशी ठेवणं वेगळं आणि वावरातलं पीक उपाशी ठेवणं वेगळं. आणि विषाणू हीच यंत्रणा आपल्या फायद्याला वापरतो हे वर पाहिलंच. "झाडाची प्रतिकारशक्ती वाढवून व्हायरस घालवते" असं लिहिलेली बाटली समोर आली तर दोन प्रश्न विचारा: या पिकासाठी, या रोगासाठी लेबलवर शिफारस आहे का? कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हे नाव आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ते पैसे बियाण्याच्या प्रक्रियेला वापरा.

चौथी पायरी: पेरणीपासूनची कामं

उन्हाळ्यातच सुरुवात होते. धुऱ्यावरची तणं, आपोआप उगवलेला मूग-उडीद-सोयाबीन आणि उन्हाळी सोयाबीनचे अवशेष हा विषाणूचा आणि माशीचा पूल असतो. उन्हाळी सोयाबीन काढल्यावर लगेच त्याच वावरात किंवा त्याच्या शेजारी खरिपाचं सोयाबीन घेऊ नका. हा पूल मोडणं एकट्याच्या हातात नाही. शिवारात चार-पाच जणांनी मिळून ठरवलं तरच उपयोग होतो, तेव्हा हा विषय ग्रामसभेत किंवा शेतकरी गटात मे महिन्यातच काढा.

वाण निवडताना मोझॅकला सहनशील असा विद्यापीठाने शिफारस केलेला वाण घ्या. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र दर हंगामाला यादी देतं. सहनशील वाण म्हणजे ज्याची पेशी ही लढाई आधीच बरी लढते. याहून स्वस्त उपाय नाही.

बियाण्याला थायोमिथोक्झाम 30 टक्के एफएस, 10 मिली प्रति किलो या प्रमाणात चोळा. सुरुवातीच्या दिवसांत रस शोषणारी कीड आणि खोडमाशी यांच्यापासून रोप वाचतं. बुरशीनाशक आणि जिवाणू खत दोन्ही लावायचं असेल तर क्रम असा ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, तेही पेरणीच्या अगदी आधी. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. अर्धवट ओलीत उगवलेलं रोप सुरुवातीपासून ताणात राहतं.

युरियाचा दुसरा डोस नको. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी नत्राची सोय करतात. वरून युरिया टाकला की पीक लुसलुशीत होतं, दाटतं, आणि माशीला तेच आवडतं.

उगवणीनंतर लगेच पिवळे चिकट सापळे लावा. एकरी आठ-दहा पुरेत. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. सापळ्यांनी माशी संपत नाही, ती आली हे कळतं. धुऱ्याकडचा सापळा आधी भरला तर माशी कुठून येते तेही कळतं.

पहिल्या महिन्यात चट्टेदार झाड दिसलं की उपटा. मन धजत नाही, तरी उपटा. ते झाड शेंगा देणार नाही, पण माश्यांना विषाणू देत राहील. उपटण्याआधी झाडावर पोतं किंवा मोठी पिशवी हलकेच घाला, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडावर बसतात. झाड धुऱ्यावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. अर्ध्याहून जास्त वावर पिवळं झालं असेल, किंवा शेंगा धरल्यानंतर रोग आला असेल, तर उपटण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: फवारणी माशीसाठी आहे, हे ध्यानात ठेवून करा

माशीने एकदा विषाणू घेतला की तो तिच्या आतड्यातून शरीरात जातो आणि लाळग्रंथीत पोचतो. याला काही तास लागतात आणि नंतर ती बहुधा मरेपर्यंत रोग पसरवते. म्हणून माशी दिसू लागताच, रोगाची झाडं मोजकी असतानाच हात घालायचा असतो. सगळं पिवळं झाल्यावर मारलेला फवारा फक्त खर्च असतो.

सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून एकूण 100 लिटर करा. माशी वाढतच असेल तर थायोमिथोक्झाम 12.6 टक्के अधिक लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 9.5 टक्के झेडसी, 10 लिटर पाण्यात 2.5 मिली. नोझल पानाच्या मागून मारेल असं धरा, कारण माशी आणि पिल्लं तिथेच असतात. एकच औषध लागोपाठ मारू नका, माशी लवकर पचवायला शिकते. दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू नका.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तोंडाला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याकडे पाठ, दुपारच्या उन्हात फवारणी नाही. फवारणाऱ्या मजुरालाही हे सगळं मालकाने द्यायचं आहे.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात

मिरची: भिवापूरकडे आणि इतरत्रही "चुरडामुरडा" म्हणतात त्याला तीन वेगळी कारणं असतात. पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे, खाली वळून लांबट झालं तर कोळी, आणि पानं बारीक, गुच्छासारखी, शिरा जाड होऊन झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. कोळ्यावर कीटकनाशक चालत नाही, कोळीनाशक लागतं. रोपवाटिकेवर बारीक जाळी घाला. मिरचीत लागण बहुतेक वेळा रोपातूनच वावरात येते.

तूर: झाड दाट, फिकट हिरवं, आणि फुलंच नाहीत, तर तो वांझ रोग. त्याचा विषाणू डोळ्यांना न दिसणारा एक कोळी वाऱ्यावरून आणतो, तिथे पिवळा सापळा काही दाखवत नाही. धुऱ्यावर ठेवलेली गेल्या वर्षीची तूर हा त्याचा मुख्य साठा, ती मेमध्येच काढा. बीएसएमआर 736, बीएसएमआर 853 आणि आयसीपीएल 87119 म्हणजे आशा, हे वाण या रोगाला प्रतिकारक आहेत.

संत्रा: वरुड-मोर्शीपासून काटोलपर्यंत ट्रिस्टेझाचा विषाणू कलमाच्या डोळ्यातून आणि माव्यातून पसरतो. झाड एकदा लागलं की आयुष्यभर विषाणू बाळगतं, त्यामुळे सगळी लढाई कलम घेण्याच्या दिवशीच असते. रोगमुक्त मातृवृक्षाचा डोळा वापरलेली, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं घ्या. मातृवृक्षाची तपासणी झाल्याचा कागद रोपवाटिकेकडे मागा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था अशी तपासलेली कलमं देते, पण मागणी फार असते, तेव्हा लागवडीच्या आदल्या वर्षीच नाव नोंदवून ठेवा.